धवल्यासाठी हेडफोन

विक्रेत्याने काचेखालच्या ट्रेमधून इयरबड उचलला, स्वतःच्या जीन्सच्या मांडीवर पुसला आणि ‘मॅडम, डेमो घ्या’ म्हणत माझ्यापुढे धरला. रबराच्या टोपीच्या कडेला कुणाच्या तरी कानातला पिवळा मळ होता. पुसल्यामुळे तो गेला नव्हता, पसरला होता. माझ्या आधी एक गृहस्थ तोच बड कानात खुपसून, डोळे मिटून डोलत उभे होते. मळ त्यांचा असावा, किंवा त्यांच्याही आधीच्या कुणाचा. मी विचारलं, ‘हा तुम्ही घालाल का स्वतःच्या कानात?’ त्याने लगेच घातलासुद्धा. मग काढला आणि पुन्हा हसतमुखाने माझ्यापुढे धरला.

वसई पूर्वेच्या बाजारातल्या त्या दुकानातून मी काही न घेताच बाहेर पडले. समोर उसाचा रस मिळत होता, पण तिथे सगळे ग्लास एकाच बादलीत बुचकळून काढताना पाहिले आणि तोही बेत सोडला. हेडफोन घेणं इतकं ओंगळ काम असेल अशी मला कल्पना नव्हती. चप्पल घेताना आपण दुसऱ्याने घालून बघितलेल्या चपलेत पाय घालतो, तेही मला फारसं आवडत नाही. पण पायाला निदान बाहेरच्या जगाची सवय असते.

मला गाणी ऐकायची नव्हती. गाण्यांवाचून माझं काही अडत नाही. मला ऐकायची होती माझी आत्या.

आत्या आमच्या वटार गावची धवलारीण. आमच्या बागायतदारांच्या लग्नात भटजी असतातच, पण हळद लागताना, मांडव घालताना धवले, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, म्हणायला एक बाई लागते. ती म्हणेल तेव्हाच हळद कालवायची, ती थांबेल तेव्हा थांबायचं. पंचक्रोशीतल्या निम्म्या बायकांना आत्याच्या धवल्यावर हळद लागली आहे. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि वाडीतच राहिली, केळी आणि पानवेली सांभाळत. जीभ अशी तिखट, की व्याही मंडळी तिच्यासमोर जरा बेतानेच बोलत.

गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. कोण आलं, कोण उगाच आलं, आमटीत मीठ कमी आहे, हे सगळं कळतं आणि डोळ्यांनी ती ते सांगतेही. पण तोंडातून शब्द म्हणून निघत नाही. डॉक्टर म्हणाले, प्रयत्न करत राहा. आम्ही तिला ‘पाणी म्हण, पाणी’ असं लहान पोरासारखं सांगत राहिलो, आणि ती आमच्याकडे अशी बघत राहिली की शेवटी आम्हीच गप्प बसलो.

त्यातच माझ्या भाचीचं, म्हणजे भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. बातमी सांगायला मी आत्याच्या खाटेजवळ बसले तर तिने डावा हात उचलून आधी स्वतःच्या गळ्याला लावला, मग माझ्या. दोनदा. मला कळलं: धवला आता मी म्हणायचा. भावाला ही एकच मुलगी. मला मूलबाळ नाही. आमच्या घरातलं हे शेवटचं लग्न, आणि त्यात धवला झाला नाही तर आत्या तो स्वतःच्या मांडवात पुन्हा कधी ऐकणार नव्हती.

नशिबाने माझ्या फोनमध्ये तिचे धवले होते. झटका यायच्या आधी एका सुट्टीच्या दिवशी विहिरीच्या कट्ट्यावर बसवून मी तिच्याकडून म्हणून घेतले होते, असंच, हौस म्हणून. मागे पंप चालू, कावळे ओरडतायत, मधेच एक कोंबडी, आणि त्यात आत्याचा बारीक, नाकातला आवाज, घरच्या बोलीतले शब्द अर्धे गिळत. मी लहानपणापासून हे ऐकलेलं, पण लग्नाच्या गलक्यात, पळता पळता. बसून एक ओळ कधी शिकले नव्हते. आता शब्द न शब्द उचलायचा होता.

तो उचलायचा कधी? माझं काम फिरतीचं. सरकारी दवाखान्यांत लसी ठेवायचे फ्रीज असतात, ते नीट गार राहतात की नाही हे मी जिल्हाभर तपासत फिरते. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी. एसटी, नाहीतर वडाप जीप. खांद्याच्या पिशवीत तापमापक, वायरींचं भेंडोळं, डबा, पाण्याची बाटली, छत्री. घरी म्हणाल तर एव्हरशाईन सिटीतल्या माझ्या इमारतीत खाली जिम आहे आणि वर झुंबा शिकवतात. मधल्या मजल्यावर माझा फ्लॅट हादरत असतो. धवला शिकायचा तर प्रवासातच. म्हणजे मला अशी वस्तू हवी होती, जिच्यात आत्याचा गिळलेला शब्दही कळेल आणि जी पिशवीत डबा आणि छत्रीच्या मधे मावेल. मागणी काही अवाजवी नव्हती. पण दुकानं बघितल्यावर कळलं की ही दोन्ही एकत्र मागणारी मी मूर्ख होते.

छोटे घ्यायचे तर कानात खुपसायचे. एकाने सीलबंद खोक्यातले दिले, म्हणून तेवढे घरी आणले. घातले आणि पहिल्यांदा मला माझाच जबडा ऐकू आला. आवंढा गिळला की खळखळ. चालले की प्रत्येक पावलाचा डोक्यात दणका. वडापात बसून चिक्कीचा एक तुकडा खाल्ला तर वाटलं कुणीतरी माझ्या कवटीत खडी फोडतंय. या सगळ्यावर त्यांचा तो बास. आपल्याकडे चांगला आवाज म्हणजे ढुम ढुम अशी समजूत कुणी करून दिली आहे कोण जाणे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘जादा बास’ लिहिलेलं असतं, जणू ते जीवनसत्त्व आहे. त्या ढुम ढुममध्ये पंपाचा घरघराट रणगाड्यासारखा झाला आणि आत्या माठात तोंड घालून गातेय असं वाटायला लागलं. संध्याकाळी बड काढून बघितले तर टोपीवर माझाच मळ. दुसऱ्याचा बघून शिसारी आली होती. स्वतःचा बघून आली ती जास्त होती.

भाची म्हणाली, ‘आत्ते, तू नॉइज कॅन्सलेशनवाले घे ना. बाहेरचं सगळं कटाप होतं. एकदम पीस!’ तिच्या मैत्रिणीचे तसले तिने मला वापरायला आणून दिले. जव्हारच्या वाटेवर मी ते लावले. बटण दाबल्याबरोबर कानांवर कुणीतरी तळहात दाबून धरल्यासारखं झालं. एसटीचं इंजिन गायब. पुढच्या सीटवरची बाई तोंड हलवतेय आणि आवाज नाही. डोळ्यांना दिसतंय की गाडी वळतेय, हेलकावे खातेय, आणि कानांना वाटतंय की आपण बंद कपाटात आहोत. घाट सुरू झाला आणि माझं पोट वर आलं. डब्याची पिशवी रिकामी करायलाही वेळ मिळाला नाही, तिच्यातच ओकले. पोळीभाजीसकट ती पिशवी मी घाटात टाकली नाही, मांडीवर धरून जव्हारपर्यंत नेली, आणि शेजारच्या म्हाताऱ्याने तेवढ्या वेळात तीनदा जागा बदलता येते का बघितलं. शांततेची किंमत ही असेल तर मला ती नको. मैत्रिणीचे हेडफोन पुसून, पुन्हा पुसून परत दिले.

मग मी इंटरनेटवर शोधलं आणि आणखी उबग आला. तिथे माणसं खोकं उघडतानाचाच व्हिडिओ करतात. खोक्याचा कागद कसा मऊ निघतो, केबल कुठे ठेवली आहे, डबी बंद होताना कसा ‘सॅटिस्फाइंग’ आवाज येतो. अहो, त्या डबीचा आवाज ऐकायला घेतोय का आम्ही? एकाने सलग बोलून सांगितलं की याचा आवाज ‘पंची’ आहे, त्याचा ‘क्रिस्प’ आहे. खारी आहे का ती? म्हातारी बाई विहिरीपाशी बसून गातेय, ती यात कशी ऐकू येईल, हे एकानेही सांगितलं नाही. बरोबरच आहे, त्यांच्याकडे म्हातारी बाई नसणार.

आवाजाचं म्हणाल तर सगळ्यात उत्तम भाचीचेच होते. ती घरून काम करते, तिच्याकडे पूर्ण कान झाकणारे मोठे हेडफोन आहेत. वटारला तिच्या खोलीत बसून मी त्यात आत्याच्या पहिल्या ओळीचा तुकडा लावला. चाचणीसाठी मी सगळीकडे तोच तुकडा लावत असे.

‘मांडवाचे दारी केळ वाकली घडानी.’

जणू आत्या माझ्या समोर बसून गात होती. ‘घडानी’तला ‘डा’ म्हणताना तिची जीभ टाळूला लागते, तेही ऐकू आलं. माझे डोळे भरून आले आणि मी ताबडतोब ते काढले, कारण तेवढ्या वेळात कान घामाने चिंब झाले होते. वसईच्या हवेत ते लावून बसणं म्हणजे कानांना कांबळं गुंडाळणं. शिवाय खाऱ्या दमट हवेने त्यांच्या गाद्यांचं कातडं उलायला लागलेलं; काळे पापुद्रे माझ्या गालांना, कानामागे, मानेला चिकटले. आरशात बघितलं तर गजकर्ण झाल्यासारखी दिसत होते. आणि त्यांची डबी माझ्या जेवणाच्या डब्याच्या दुप्पट. पिशवीत ती घालायची तर तापमापक घरी ठेवून फ्रीजला हात लावून ताप बघायला हवा.

मधल्या काळात भावाने स्वतःचा तोडगा काढला होता. तो पडवीत बसून लग्नाचं सामान ठरवत होता, तिथूनच म्हणाला, ‘तुझेकडं आत्याचा रेकॉर्डिंग हाय ना? डीजेला दे. तो लावील हळदीला. आता कोन बसते धवले म्हनायला!’

मी नाही म्हटलं. पण मी भाचीला कधीतरी पाठवलेला एक धवला त्याने तिच्या फोनवरून मिळवून डीजेला दिलाच. डीजेने तो ‘बनवून’ पाठवला आणि भाऊ कौतुकाने आत्याच्या खाटेशी फोन घेऊन गेला. आत्याच्या आवाजाखाली ढोल घातला होता. तिचा आवाज यंत्रातून काढून गुळगुळीत केला होता, साबणाची वडी वापरून वापरून होते तसा, आणि प्रत्येक ओळीनंतर एक तरुण बाई इंग्रजीत ‘येस, येस’ करत होती. आत्याने थोडं ऐकलं. मग डाव्या हाताने फोन असा ढकलला की तो खाटेखाली सरपटत गेला. भाऊ ओशाळला, पण डीजेला दिलेली सुपारी काही त्याने परत घेतली नाही.

शेवटी मी घेतले ते मधले. कानावर नुसते टेकणारे, घडी होऊन मुठीत मावणारे. ना कानात घुसत, ना कान उकडत. गोखिवऱ्याला एका कारखान्यातल्या दवाखान्याचा फ्रीज बघायला गेले होते, तिथून परत येताना एका लहानशा दुकानात खोकं न उघडलेले मिळाले. बास बेताचा. आवाज भाचीच्या हेडफोनइतका नाही, पण शब्द कळत होते. सोबत फोनवर घ्यायचं एक अॅप होतं. त्यात ‘स्वच्छ बोलणं’ नावाची सोय होती आणि ती खरोखर चालली: पंप मागे गेला, कोंबडी गेली, आत्या पुढे आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कुठल्याही गोष्टीची किळस आली नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

पावसाळा संपेपर्यंत मी एसटीत, जीपमध्ये, दवाखान्यांच्या बाकड्यांवर धवले शिकले. ओळीमागून ओळ येत होती, आत्या कुठे दम घेत नव्हती. मला वाटलं, काय छाती होती या बाईची! मीही तशीच शिकले, सलग. विक्रमगडच्या एका नर्सने विचारलं, ‘मॅडम, जप करता का?’ मी हो म्हटलं. सगळं समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं.

दिवाळीच्या आधी एका रविवारी दुपारी मी वटारला गेले, आत्याला उशांना टेकवून बसवलं आणि हळदीचा धवला अथपासून इतिपर्यंत म्हटला. एक शब्द चुकला नाही. संपवून मी तिच्या तोंडाकडे बघितलं.

ताकात माशी सापडावी तसं तिचं तोंड झालं होतं. एरवीही तिचं तोंड उजवीकडे ओघळलेलं असतं. आता उरलेली अर्धी बाजूही वाकडी झाली. तिने डाव्या हाताने खूण केली, पुन्हा. मी सुरुवात केली. पहिली ओळ संपते न संपते तोच तिने तळवा माझ्यासमोर धरला. मी थांबले. ती वाट बघत राहिली. मला वाटलं शब्द चुकला, म्हणून तीच ओळ पुन्हा म्हटली आणि पुढे गेले. तिने गादीवर हात आपटला. पुन्हा. पुन्हा तळवा. मी विचारलं, ‘केळ नाही का? घड नाही का? मग काय गं?’ ती मान हलवत राहिली, हात आपटत राहिली, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ यायला लागली आणि शेवटी डोळ्यांतून पाणी. तिला रडताना मी तिच्या नवऱ्याच्या मयतीतही पाहिलं नव्हतं.

मला राग आला. तिचा नव्हे, पण ओरडले मी तिच्यावरच. ‘तुझंच ऐकून शिकलेय मी! जसं तू म्हटलंस तसंच म्हणतेय!’ ती भिंतीकडे तोंड करून निजली.

भाची म्हणाली, ‘आत्ते, सोड ना, आजी चिडलीय. नंतर करू.’ मी तिच्या खोलीत जाऊन दार लावलं. तिचे मोठे हेडफोन टेबलावर होते. पापुद्र्यांचा विचार न करता मी ते माझ्या फोनला जोडले आणि ते अॅप वगैरे काही न उघडता, ज्यात आवाज साठवला होता त्यातूनच धवला लावला.

‘मांडवाचे दारी केळ वाकली घडानी.’

आणि पुढे काहीच नाही. पंप. कावळा. मला वाटलं फोन अडकला. बोट पडद्याकडे नेलं तेवढ्यात अगदी खालून, नाकातल्या नाकात, ओठ मिटून कुणीतरी गुणगुणल्यासारखं ऐकू आलं: केळ वाकली घडानी. मग श्वास घेतल्याचा आवाज. मग दुसरी ओळ. पुन्हा पंप, पुन्हा ती मिटल्या ओठांची गुणगुण, पुन्हा श्वास.

धवलारीण ओळ टाकते आणि भोवती बसलेल्या बायका तिचा मागचा अर्धा भाग उचलतात. त्या म्हणत असतात तेवढ्यात ती दम घेते. हे मी शंभर लग्नांत ऐकलं होतं आणि मला ते बायकांची हौस वाटलं होतं. विहिरीवर बसून म्हणताना आत्यासमोर बायका नव्हत्या, तरी तिने प्रत्येक ओळीनंतर त्यांची जागा त्यांना सोडली होती आणि ती जागा केवढी हे मनातल्या मनात म्हणून मोजत होती. मी अॅप उघडून ती सोय नीट वाचली. पार्श्वभूमीचा आवाज काढा. रिकाम्या जागा वगळा. वेळ वाचवा. सगळं आधीपासून चालूच होतं.

महिनोन्महिने मी ओळीवर ओळ रचून गात होते, समोर कुणी बसलेलंच नाही अशी. बायकांना तोंड उघडायलाही फट न ठेवता. आणि आत्या तळवा धरून तेच सांगत होती, थांब, त्यांना म्हणू दे. इतकी साधी गोष्ट, आणि तिला ती सांगता येईना म्हणून ती रडली होती. मला त्या अॅपची जी घृणा आली ती कानातल्या मळाची आली नव्हती. मळ निदान माणसाचा असतो.

अॅप काढून टाकलं. घडीच्या हेडफोनांना वायरही लावता येत होती; ती लावली की मधे कुणी शहाणपणा करत नाही, फोनमध्ये जे आहे ते कानात येतं. चांगला आवाज आणि लहान आकार यांचा मेळ कसा घालावा असं मला आता कुणी विचारलं, तर मी एवढंच सांगते: लहानच घ्या, वायरीचे घ्या, आणि एकदा तरी घरी बसून मोठ्यात ऐका, म्हणजे लहानात काय गेलं ते कळेल. उरलेल्या आठवड्यांत मी एसटीत ओळ पुटपुटायची आणि गप्प बसायची. त्या गप्प बसण्याचाच सराव जास्त लागला. जीभ सारखी पुढच्या ओळीकडे धावायची.

हळदीच्या दिवशी सकाळी मांडवात सगळ्या बायका एकाच पिवळ्या रंगाच्या साड्या नेसून बसल्या होत्या. तो रंग हळदीचा नव्हता, औषधाच्या गोळीचा होता. प्रत्येकीच्या हातात फोन. डीजेच्या पेट्यांवर दिवे लुकलुकत होते. भावाने माझ्याकडे बघून त्याला हात केला, ‘जरा वेल थांब रे, बहिनीला काय ते म्हनू दे.’ त्या ‘काय ते’ची चीड गिळून मी पाटाजवळ बसले. भाची पाटावर. तिच्या पलीकडे खुर्चीत आत्या, उशीला टेकवलेली, नवं लुगडं, डावा हात मांडीवर.

मी पहिली ओळ म्हटली आणि थांबले.

कुणी काही म्हणालं नाही. फोन उंच धरलेले. एकीने शेजारणीला विचारलं, ‘विसरली वाटतं?’ मी मनातल्या मनात जागा मोजून दुसरी ओळ म्हटली. थांबले. मागून दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या, संपलं असं समजून, आणि डीजेने एक ढुम दिला. लाजेने माझे कान तापले. मला त्या सगळ्यांचा वीट आला, त्यांच्या साड्यांचा, फोनांचा, टाळ्यांचा. वाटलं, सलगच म्हणून टाकावं आणि उठावं. कुणाला कळणार आहे? मग आत्याचा तळवा मांडीवरून उचललेला दिसला.

मी तिसऱ्यांदा थांबले, आणि त्या थांबण्यात ती गायली.

आवाज जाड, एका बाजूने ओघळणारा. पण शब्द होते. सगळेच्या सगळे, आपापल्या जागी. वर्षभर जिला ‘पाणी’ म्हणता आलं नव्हतं तिने ओळीचा मागचा अर्धा भाग पुरा म्हटला. मी खालच्या पट्टीत म्हणत होते. तिने माझी पट्टी झिडकारली आणि स्वतःची लावली. मला चौथी ओळ तिच्या पट्टीत उचलावी लागली. पाचव्या ओळीला म्हाताऱ्या बायकांपैकी दोघी तिला मिळाल्या. भाची पाटावर रडत होती आणि हळदीत काजळ मिसळत होतं.

धवला संपला आणि सगळा मांडव आत्यावर कोसळला. ‘आत्या बोलली! आत्या बोलली!’ फोन तिच्या तोंडाशी. ‘आत्या, मी कोन, सांग! नाव घे माझं!’ ‘पानी म्हन, पानी!’ भाऊसुद्धा तिचे खांदे धरून हलवत होता, ‘बोल ना गं, बोल!’ तिने तोंड उघडलं. ओठ थरथरले, मान पुढे आली, गळ्याची शीर फुगली आणि नुसता ‘अ… अ…’ निघाला. त्या परत म्हणाल्या, बोल. ती परत प्रयत्न करायला लागली. लाळ नव्या लुगड्यावर पडली आणि कुणीतरी तेही फोनमध्ये घेत होतं. तिच्या डोळ्यांत जी शिसारी आली ती मी ओळखते, कारण ती माझ्यात तिच्याकडूनच आली आहे.

मी उठले. फोनांकडे पाठ करून तिच्यासमोर उकिडवी बसले आणि पदराने तिचं तोंड पुसलं. मग अगदी हळू, तिच्या पट्टीत, मी ओळीचा पहिला अर्धा भाग म्हटला.

‘मांडवाचे दारी…’

आणि गप्प बसले. पुढचं तिने म्हटलं.